सोने, मुलामा आणि सोनेरी : खेळाडूंच्या कार्डांचा व्यापार

नांदेडच्या इतवारा भागातील आमच्या परिचयाच्या एका स्टेशनरी दुकानदाराकडे मागे एक प्रकार घडला. वह्या-पेन्सिलींबरोबर त्यांनी ठोक बाजारातून फुटबॉलपटूंच्या चित्रांची पिवळी चकचकीत कार्डे आणली होती. डब्यावर इंग्रजीत '२४ कॅरेट गोल्ड' असे छापलेले होते. मुलाच्या हट्टाखातर एका गृहस्थाने एक डबा नेला आणि दुसऱ्या दिवशी तो घेऊन ते परत आले. मधल्या वेळात त्यांनी एक कार्ड ओळखीच्या सराफाला दाखवले होते. सराफाने कसोटीचा दगड काढलासुद्धा नाही. कार्ड दोन बोटांत वाकवून पाहिले, कोपरा नखाने खरवडला आणि हसून परत दिले. ग्राहकाने भांडण केले नाही. एवढेच विचारले, "भाई, तुम्ही मला नक्की काय विकले?"

दुकानदाराने पैसे परत दिले. परंतु प्रश्नाचे उत्तर त्यांना देता आले नाही, कारण डब्यात काय आहे हे त्यांनी स्वतः माल घेताना विचारलेच नव्हते. पुढे त्यांनी तो प्रश्न आमच्याकडे आणला. नांदेड आणि लातूर येथील खेळणी, स्टेशनरी व छपाईच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून या विषयाची थोडी खोलात जाऊन माहिती येथे देत आहोत.

तीन शब्द, तीन भाव

सोन्याच्या व्यवहारात आपल्याकडे तीन शब्द पूर्वीपासून चालत आले आहेत. एक सोने, दुसरा मुलामा आणि तिसरा सोनेरी. सोने म्हणजे ज्याला कस आहे ते. मुलामा म्हणजे दुसऱ्या धातूवर चढवलेला सोन्याचा पातळ थर. आणि सोनेरी म्हणजे केवळ रंग.

जरीचे काम करणाऱ्या कारागिरांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. खरी जर रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून आणि तिच्यावर सोने चढवून होते. नकली जरीत चांदीच्या जागी तांबे येते. त्याच्याही खालची प्लास्टिकची जर म्हणजे पॉलिस्टरच्या पातळ पट्टीवर धातूची वाफ बसवून दिलेला पिवळा रंग. तिन्ही दुरून सारख्याच चमकतात. भाव मात्र तीन वेगळे असतात, आणि प्रामाणिक व्यापारी साडीची घडी उघडतानाच कोणती जर आहे ते सांगतो.

खेळाडूंच्या 'गोल्ड' कार्डांतही असेच तीन प्रकार आहेत. अमेरिकेत १९९० च्या दशकात '२२ कॅरेट', '२३ कॅरेट' असे लिहिलेली बेसबॉल खेळाडूंची कार्डे निघाली. त्यांवर खऱ्या सोन्याचा थर होता, परंतु तो किती? आपण हिशेब करून पाहू. खेळाडूंच्या कार्डाचे प्रचलित माप अडीच इंच गुणिले साडेतीन इंच असते. म्हणजे एका बाजूचे क्षेत्र सुमारे ५६ चौरस सेंटिमीटर झाले. हैदराबादेत चारमिनारच्या परिसरात वरख कुटणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले. सोन्याचा वरख एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतका पातळ होऊ शकतो. इतका पातळ थर कार्डाच्या एका बाजूवर पूर्ण चढवला, तर लागणारे शुद्ध सोने भरते सुमारे ११ मिलिग्रॅम. एका ग्रॅम सोन्यात अशी ९० कार्डे एका बाजूने मढवता येतील. त्या दिवसाच्या ग्रॅमच्या भावाला ९० ने भागा, म्हणजे कार्डातील सोन्याची किंमत कळेल. ही झाली मुलाम्याची गोष्ट.

आपल्या बाजारात येणाऱ्या ५५ कार्डांच्या चकचकीत डब्यांत बहुधा तेवढाही मुलामा नसतो. पिवळ्या चमकीचे प्लास्टिक असते. मग त्यावर फुटबॉलपटू असो, कुस्तीगीर असो की पोकेमॉन.

ही चमक येते कोठून?

आपल्यातील जे बांधव लग्नपत्रिकांचे काम करतात, त्यांच्या कारखान्यात याचे उत्तर रोज तयार होते. पत्रिकेवर वधूवरांची नावे सोनेरी उठवायची असली की प्रेसमध्ये धातूचा ब्लॉक तापवतात, फॉइलचा रोल लावतात आणि दाब देतात. जुन्या ट्रेडल मशीनला हीटर बसवूनही हे काम चालते. त्या फॉइलमध्ये एकावर एक थर असतात. बाहेरून पॉलिस्टरची फिल्म, तिच्याखाली उष्णतेने सुटणारा मेणासारखा थर, मग रंगाचा लाखेसारखा थर, त्याखाली निर्वात यंत्रात बसवलेला धातूचा अतिशय पातळ थर आणि शेवटी चिकटणारा थर. हा धातू म्हणजे सोने नव्हे, अॅल्युमिनियम होय. चंदेरी फॉइल आणि सोनेरी फॉइल यांत धातू एकच असतो. वरचा रंग बिनरंगी ठेवला की चांदी दिसते, पिवळा केला की सोने दिसते.

परदेशी कंपन्यांच्या महागड्या 'गोल्ड' कार्डांवरही सामान्यतः याच जातीची चमक असते. कागद जाड, छपाई बारीक, कटाई अचूक असेल. परंतु ती आटवून कोणाच्या हाती सोने पडणार नाही. मग कार्डे लाखांना, करोडोंना विकली जातात ती कशामुळे, असा प्रश्न साहजिकच उरतो.

किंमत कशाची?

कार्डाचा इतिहास सिगारेटच्या पाकिटापासून सुरू होतो. पाकीट दबू नये म्हणून आत जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. तो कोरा का ठेवावा, म्हणून त्यावर चित्रे छापली जाऊ लागली. विल्स या इंग्रज कंपनीने १८९६ मध्ये क्रिकेटपटूंच्या ५० कार्डांचा संच काढला. अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या तंबाखूच्या कार्डांपैकी होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे कार्ड फार थोडे छापले गेले. आज त्याच्या साधारण पन्नास-साठ प्रतीच ठाऊक आहेत. त्यांतली एक २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरला विकली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिकी मँटल या खेळाडूचे १९५२ सालचे कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. यांपैकी एकाही कार्डावर सोन्याचा कणही नाही. साधा छापील पुठ्ठा आहे.

याच्या उलट गोष्ट सोनेरी कार्डांची. टॉप्स या अमेरिकन कंपनीने १९९२ मध्ये आपल्या नेहमीच्या बेसबॉल कार्डांच्या जोडीला सोनेरी फॉइलच्या अक्षरांची कार्डे काढली. ती मोजकी होती म्हणून मुले त्यांच्यामागे धावली. मागणी पाहून १९९३ मध्ये कंपनीने प्रत्येक पाकिटात एक सोनेरी कार्ड घातले. सोनेरी कार्ड घरोघर झाले आणि त्याची मातब्बरी गेली. नामांकित खेळाडूंची काही कार्डे सोडली तर त्यांना आज फारसा भाव नाही. त्या काळात, म्हणजे १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या आरंभी, अमेरिकेत कार्डे इतकी छापली गेली की मुलाच्या शिक्षणासाठी म्हणून पेट्या भरून ठेवणाऱ्यांच्या हाती शेवटी रद्दी राहिली.

या अनुभवातून कंपन्या शहाण्या झाल्या. २००१ पासून टॉप्सने सोनेरी कार्डावर आकडा छापण्यास सुरुवात केली. २००१ साली प्रत्येक खेळाडूची २००१ सोनेरी कार्डे आणि प्रत्येकावर अनुक्रमांक. पुढे आणखी महाग मालिकांत सोनेरी कार्डे ५०, काहींत केवळ १० अशी मोजून काढण्यात आली. आणि एकच प्रत असलेले, सोनेरी नक्षीच्या पार्श्वभूमीचे 'सुपरफ्रॅक्टर' निघाले. माइक ट्राउट या बेसबॉलपटूचे सही असलेले असे एक कार्ड २०१८ मध्ये सुमारे ४ लाख डॉलरला घेतले गेले आणि ऑगस्ट २०२० मध्ये ३९ लाख ३६ हजार डॉलरला विकले गेले.

म्हणजे किंमत सोनेरी रंगाला नाही. किंमत चार गोष्टींना आहे. खेळाडूचे नाव, प्रतींची संख्या, कार्डाची अवस्था, आणि तेवढा पैसा देणारा ग्राहक. या चौथ्या गोष्टीचा आमच्या बांधवांनी जास्त विचार करावा. करोनाच्या काळात लोक घरी बसले, हातात पैसा होता, तेव्हा अमेरिकेत कार्डांचे भाव भडकले. कार्डे तपासून त्यांना गुण देणाऱ्या पीएसए या संस्थेकडे इतका माल साचला की मार्च २०२१ मध्ये तिला स्वस्त दराची कामे घेणे थांबवावे लागले. त्यानंतर पुष्कळ कार्डांचे भाव उतरले. सोने उतरले तरी नांदेडच्या सराफ्यात त्याच दिवशी त्याला ग्राहक मिळतो. कार्डाचे तसे नाही. लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात आणि दागिन्यापासून भाजीपर्यंत प्रत्येक मालाला तिथे घेणारा उभा असतो. परंतु त्या सोळाही रस्त्यांवर अमेरिकन बेसबॉलचे कार्ड परत विकत घेणारे दुकान आम्हांला माहीत नाही.

कटिंग मशीनची करामत

अवस्थेला किंमत आली की लबाडीही येते. वर उल्लेखिलेल्या वॅग्नरच्या कार्डांपैकी सर्वात चांगली समजली जाणारी प्रत १९९१ मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरला विकली गेली होती. तिच्या कडा धारदार, कोपरे टोकदार. पुढे २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाव व्यावसायिकाने अमेरिकेच्या न्यायालयात कबुली दिली की, त्या कार्डाच्या झिजलेल्या कडा त्यानेच कापून सरळ केल्या होत्या. लिलावातील गैरप्रकारांबद्दल त्याला २०१५ मध्ये २० महिन्यांची शिक्षा झाली.

छपाईच्या धंद्यातील कोणालाही हे काम अवघड वाटणार नाही. कटिंग मशीनवर एका हाताचे काम आहे. म्हणूनच जुने कार्ड विकत घेताना आधी माप घ्यावे. मापात बारीक फरक असेल तर कडा कितीही सुबक असली तरी सावध व्हावे. आणि कोणी असे काम आपल्या प्रेसवर करून मागितले, तर ते घेऊ नये. मजुरी शंभर रुपये मिळेल, परंतु फसवणुकीत आपला हात राहील.

बंद पाकिटाचा सौदा

ही कार्डे बहुतेक बंद पाकिटात विकली जातात. आत कोणता खेळाडू आहे हे विकणाऱ्याला ठाऊक नसते, घेणाऱ्यालाही नसते. सोनेरी कार्ड किती पाकिटांमागे एक निघते, हे कंपनी ठरवते. मुलगा पाकीट घेतो ते आतल्या साध्या कार्डांसाठी नव्हे, सोनेरी निघेल या आशेने. निघाले नाही की दुसरे घेतो.

येथे आपल्या वाचकांच्या मनात प्रश्न येणे स्वाभाविक आहे. ज्या सौद्यात माल काय आहे हेच अनिश्चित असते, त्याला फिकहमध्ये गरर म्हणतात, आणि नशिबावर पैसा लावणे हे वेगळेच गंभीर प्रकरण आहे. प्रत्येक पाकिटात दिलेल्या पैशाचा माल मिळतो, म्हणून यात हरकत नाही, असे म्हणणारे भेटतील. पाकीट घेणाऱ्याचा हेतू पाहावा, असेही म्हणणारे भेटतील. निवाडा देणे आमचे काम नाही. ज्यांना हा माल ठेवायचा आहे त्यांनी एक पाकीट सोबत नेऊन आपल्या भागातील जाणत्या आलिमांना दाखवावे आणि विचारून घ्यावे.

एका बाबतीत मात्र कोणाला विचारण्याची गरज नाही. जाड फॉइलचे किंवा कपड्याचा तुकडा बसवलेले खास कार्ड साध्या कार्डापेक्षा किंचित जड असते. परदेशात काही दुकानदार लहान काट्यावर पाकिटे तोलतात, जड पाकिटे बाजूला काढतात आणि उरलेली हलकी पाकिटे मुलांना विकतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलसर माल ओळखला आणि ओला माल वर का ठेवला नाहीस, असे त्या विक्रेत्याला विचारले, ही हदीस धान्याच्या अडतीवर बसणाऱ्या आपल्या प्रत्येक बांधवाला माहीत आहे. हलक्या पाकिटांची गोष्ट तिच्याहून वेगळी नाही.

ज्यांना हा घोळ नको आहे त्यांच्यासाठी मार्ग सोपा आहे. कार्डे सुटी करून, दर्शनी बाजू दिसेल अशी पारदर्शक पाकिटात लावावीत आणि प्रत्येकावर भाव लिहावा. ग्राहक पाहून घेतो, आपण दाखवून देतो.

आपल्या बाजाराचा मोसम

आपल्याकडे हा शौक नवा नाही. १९८० च्या दशकात बिग फन बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डे मिळत. त्यांवर रन आणि विकेट छापलेल्या असत आणि ठरावीक रन जमले की चित्रांची पुस्तिका मिळे. नंतर कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डे आली. उंची, वजन, छाती, दंड आणि रँक यांवर गल्लोगल्ली डाव रंगले. आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली आणि पुढे टॉप्सची 'क्रिकेट अटॅक्स' ही आयपीएल खेळाडूंची कार्डे बाजारात आली. त्यांत सोनेरी कार्डेही होती.

व्यापाराच्या दृष्टीने यातला धडा असा की, हा माल मोसमी आहे. आयपीएल साधारण मार्च ते मे चालते. तोच शाळेच्या सुट्टीचा काळ. जूनमध्ये मुले वह्यांकडे वळतात. पुढच्या वर्षी लिलावात खेळाडू दुसऱ्या संघात जातो आणि जुन्या जर्सीतले त्याचे कार्ड शिळे होते. म्हणून माल थोडा घ्यावा, पक्के बिल घ्यावे आणि उरलेला माल परत घेण्याची बोली आधीच करावी. उधारीवर पेट्या भरू नयेत.

मोबाइलवरच्या कार्डांविषयीही एक शब्द. रारिओ या भारतीय कंपनीने क्रिकेटपटूंची डिजिटल कार्डे काढली आणि एप्रिल २०२२ मध्ये तिला १२ कोटी डॉलरचे भांडवल मिळाले. तो काळ अशा डिजिटल मालाच्या तेजीचा होता. लवकरच ती तेजी ओसरली. ज्यांनी केवळ भाव चढतो म्हणून पैसा घातला त्यांच्याजवळ विकण्याजोगे काही उरले नाही. हाताला लागणारे कार्ड निदान मुलाच्या वहीत तरी राहते.

रद्दी तोलण्यापूर्वी

रद्दी आणि भंगाराच्या व्यवसायातील बांधवांना आमची वेगळी सूचना आहे. जुन्या वाड्यांची, वकिलांच्या कचेऱ्यांची रद्दी निघते तेव्हा तिच्यात सिगारेट कार्डांचे अल्बम, काड्यापेटीची चित्रे, पोस्टाची तिकिटे, जुनी पोस्टकार्डे सापडू शकतात. ती किलोच्या भावात घालण्यापूर्वी बाजूला काढावीत. प्रत्येक जुनी वस्तू मौल्यवान असतेच असे नाही, बहुतेक नसतात. परंतु पाहिल्याशिवाय कळत नाही. कार्डांना पाणी लावू नये, चिकटपट्टी लावू नये, अल्बममधून ओढून काढू नयेत. उन्हापासून आणि दमटपणापासून दूर ठेवावीत. आणि ज्याच्या घरची रद्दी आहे त्याला काय सापडले ते सांगावे.

आपले खेळाडू, आपली छपाई

शेवटी कारागिरांसाठी एक विचार. जो कागद, जी फॉइल आणि जे मशीन कार्डासाठी लागते ते नांदेड-लातूरच्या छापखान्यांत आहे. लग्नसराई नसते तेव्हा ते मशीन बसून असते. मोठ्या क्रिकेटपटूंचे फोटो उचलून कार्डे छापण्याच्या फंदात मात्र कोणी पडू नये. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रारिओ आणि काही क्रिकेटपटूंच्या दाव्यात दुसऱ्या एका डिजिटल खेळाच्या कंपनीला मनाई करण्यास नकार दिला, आणि खेळाडूंची सर्वांना उपलब्ध असलेली माहिती कोणालाही वापरता येते असे मत दिले. परंतु तो अंतरिम आदेश होता आणि त्या खेळात हाताने काढल्यासारखी चित्रे होती. दुसऱ्याने काढलेला फोटो आणि संघाचे बोधचिन्ह यांवर मालकाचा हक्क असतो.

आपल्या मातीतले खेळाडू थोडे नाहीत. लातूर जिल्ह्यातले हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक मिळवले. नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्‌घाटनात सुमित अंतिल यांच्यासह भारताचा ध्वज धरला. गावोगावच्या तालमी, टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा, शाळांचे कबड्डी संघ आहेत. स्पर्धेच्या आयोजकांशी बोलून, खेळाडूंची आणि लहान मुले असतील तर त्यांच्या पालकांची लेखी संमती घेऊन, संघाची मोजकी कार्डे छापता येतील. विजेत्या संघाचे तेवढे कार्ड सोनेरी फॉइलचे करावे आणि त्यावर अनुक्रमांक घालावा. अशा कार्डाला अमेरिकेत भाव येणार नाही, परंतु ज्याच्या घरात तो खेळाडू आहे त्या घरात ते जपून ठेवले जाईल, आणि प्रेसला आगाऊ पैशांचे रोख काम मिळेल.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. सोन्याच्या दागिन्यावर बीआयएसचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. १ एप्रिल २०२३ पासून या एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. कार्डाच्या डब्यावर यांतले काही नसते. नुसते '२४ कॅरेट' छापलेले असते. मालाच्या दर्जाबद्दल खोटे सांगणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि ग्राहक परत येतो तो छापणाऱ्या कंपनीकडे नव्हे, आपल्या गल्ल्यापाशी.

इतवाऱ्यातील त्या दुकानदारांनी उरलेल्या डब्यांवर स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. त्यांवर मराठीत आणि उर्दूत लिहिले आहे : सोनेरी रंगाची प्लास्टिकची कार्डे, खेळण्यासाठी. डबे पूर्वीपेक्षा हळू विकले जातात असे ते सांगतात. अजून एकही परत आलेला नाही.